पेन्सिलीने लिहिलेल्या एका ओळीला उत्तर

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
मा. दिव्यांग कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : एडीएचडी (लक्ष न ठरण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार) असलेल्या विद्यार्थ्यांना दहावी-बारावीच्या परीक्षेत सवलत मिळणे आणि त्यांच्या आईबापांची खिडक्या-खिडक्यांवरची वणवण थांबणे, याबाबत.

संदर्भ : पेन्सिलीने लिहिलेली एक ओळ.

महोदय,

जत, जिल्हा सांगली इथे माझा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, जत्रेची हँडबिलं, आणि निवडणूक लागली की सगळ्याच पक्षांची पत्रकं. धंद्यामुळे कागद निरखून बघायची सवय लागली आहे. गेल्या महिन्यात शिक्षण खात्याच्या एका कार्यालयातून माझा अर्ज परत आला, तोही मी असाच उलटसुलट करून बघितला. जावक क्रमांक नाही. तारीख नाही. सही नाही, शिक्का नाही. वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने फक्त एवढंच : ‘सदर आजार २१ प्रवर्गांत नाही. नियमात बसत नाही.’ २१ म्हणजे दिव्यांग हक्क कायद्यातले प्रकार.

माझी मुलगी दहावीत आहे. तिला एडीएचडी आहे, असं मिरजेच्या मानसोपचारतज्ज्ञांनी लेखी दिलं आहे. तिला परीक्षेत थोडा जादा वेळ, कमी वर्दळीची खोली आणि मध्ये पाच मिनिटं उठायची मुभा द्यावी, एवढाच अर्ज होता. पास करा असं म्हटलं नव्हतं, गुण वाढवून मागितले नव्हते. दाद मागायची तर कुणाविरुद्ध मागायची, तेही त्या कागदावर नाही. म्हणून हे पत्र मीच छापून सगळ्यांसमोर ठेवतो आहे.

आधी हा प्रकार काय आहे ते सांगतो, कारण तीन वेगवेगळ्या टेबलांवर मला एकच प्रश्न आला : ‘मोबाइलमुळे होतं तेच ना हे?’

नाही. १९०२ साली जॉर्ज स्टिल नावाच्या बालरोगतज्ज्ञाने लंडनमध्ये व्याख्यानं देऊन अशा मुलांचं वर्णन केलं होतं. बुद्धी शाबूत, पण लक्ष ठरत नाही, हातपाय आवरत नाहीत. तेव्हा मोबाइल सोडा, रेडिओसुद्धा घरोघरी नव्हता. मोबाइलने भर पडतही असेल. पण मूळ बरंचसं रक्तातून येतं, घराण्यात उतरतं. आईने लाड केले, बापाने धाक ठेवला नाही, गोड जास्त खाल्लं, असल्या कारणांनी एडीएचडी होत नाही.

लोकांना वाटतं, या मुलांकडे लक्ष नावाची चीजच कमी असते. आमच्या जत तालुक्यातल्या माणसाला समजेल असं सांगतो. म्हैसाळ योजनेचं पाणी कालव्याला येतं तेव्हा भरपूर येतं, पण आवर्तन कधी सुटणार हे शेतकऱ्याच्या हातात नसतं. पीक वाळत असताना कालवा कोरडा, आणि काढणी झाल्यावर पाणीच पाणी. माझ्या मुलीचं लक्ष तसं आहे. ठिपक्यांची रांगोळी काढायला बसली की चार तास उठत नाही. मग शेजारी म्हणतात, ‘रांगोळीला बरं लक्ष लागतं!’ लागतं की. कधी लागणार ते तिच्या हातात नाही, दुखणं तेवढंच आहे.

सहामाहीचा बीजगणिताचा पेपर. चाळीस गुण, दोन तास. तिसरा प्रश्न सोडवत असताना शाळेच्या रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला, वर स्पीकर लावलेला. ती खिडकीतून ट्रॅक्टरबरोबर गेली. परत आली ती थेट चौथ्या प्रश्नावर. तिसऱ्यातले दोन उपप्रश्न कोरे राहिले, आणि शेवटच्या पानाच्या मागेही छापलेलं असतं हे घंटा झाल्यावर लक्षात आलं. त्याच संध्याकाळी आई चपात्या लाटत होती आणि ही कट्ट्याला टेकून तेच दोन उपप्रश्न तोंडी सोडवून दाखवत होती. दोन्ही बरोबर. तिची आई लाटणं हातात धरून तशीच उभी राहिली.

तिचं निदान चौदाव्या वर्षी झालं. उशीर का झाला, याचं उत्तर सोपं आणि वाईट आहे. ती मुलगी आहे, आणि गप्प बसणारी आहे. मुलगा असता, बाकावरून उड्या मारल्या असत्या, तर दुसरीतच शाळेने बोलावून घेतलं असतं. पण ती दंगा करत नाही, खिडकीबाहेर बघत बसते. प्रत्येक इयत्तेत एकच शेरा : हुशार आहे, पण धांदरट. आम्हीही घरी तेच म्हणायचो. डबा विसरली, धांदरट. छत्री तिसऱ्यांदा हरवली, धांदरट. तिने तो शब्द स्वतःच्या नावासारखा घेतला होता.

मिरजेच्या डॉक्टर मॅडमनी रक्त तपासलं नाही, डोक्याचा फोटो काढला नाही, कारण तसा हा कळत नाही. त्यांनी दोन बैठकांत नुसतं विचारलं. बारा वर्षांच्या आधीपासून आहे का? घरीही आहे आणि शाळेतही आहे का? दुर्लक्षाची ठरलेली नऊ लक्षणं असतात, त्यांतली निदान सहा सतत दिसतात का? शाळेतल्या बाईंकडूनही एक तक्ता भरून मागवला. सहा महिन्यांपेक्षा जास्त दिवस, अभ्यासात आणि जगण्यात अडथळा येण्याइतकं असेल, तरच नाव द्यायचं. नाहीतर कोणतं मूल वही विसरत नाही?

ही प्रश्नोत्तरं चालू असताना प्रत्येक प्रश्नाला माझी बायको माझ्याकडे बघत होती. मॅडमच्याही ते लक्षात आलं. त्या म्हणाल्या, ‘तुमचं जुनं प्रगतिपुस्तक आहे का घरी?’ मोठ्या माणसाला सतराच्या पुढे नवांपैकी पाच लक्षणं पुरतात, पण ती लहानपणापासून असायला हवीत. माझ्या आईने ट्रंकेतून इयत्ता चौथी, १९९१-९२ चं पुस्तक काढून दिलं. गुरुजींचं अक्षर सुंदर होतं. ‘चौकस आहे. एका जागी बूड टेकत नाही. वस्तू हरवतो.’ त्रेचाळिसाव्या वर्षी मला माझं नाव कळलं. आमचे अण्णा पिठाची गिरणी, मग सायकल दुकान, मग कोंबड्या, मग विमा, असं करत करत गेले आणि गावाने त्यांना ‘भिंगरी’ म्हटलं. त्यांना कुणी काही विचारलंच नाही.

धंद्यात याची किंमत मोजली आहे. एका लग्नपत्रिकेवरचा गणपती मनासारखा बसेना म्हणून मी रात्री तीनपर्यंत जागलो. गणपती देखणा झाला. मुहूर्त १२ वाजून ३५ चा होता, तो ११ वाजून ३५ छापला गेला. पाचशे पत्रिका. दुसऱ्या रात्री मी आणि बायकोने एकेका पत्रिकेवर कागदाची पट्टी डकवली. मुलीचे वडील सज्जन, त्यांनी फक्त कपाळावर हात मारला.

निदान झाल्यावर औषधाच्या गोळीशिवाय आम्ही आणखी काय काय केलं तेही सांगतो, कारण उपचारांचा मोठा भाग हाही आहे. तोंडी ऑर्डर घ्यायची नाही, चिठ्ठीवरच. प्रूफवर गिऱ्हाइकाची सही. आकडे आणि तारखा मी तपासायच्या नाहीत, बायकोने मोठ्याने वाचायच्या. दुकानाच्या किल्लीचा खिळा लाल रंगवला आहे. मुलीसाठी स्वयंपाकघरात फळा लावला. मोठं काम तिला एकदम सांगत नाही, एका वेळी एकच तुकडा. पंधरा मिनिटं गजर, मग उठून पाणी, मग परत. काही जमलं की तिथल्या तिथे शाबासकी, रविवारी नाही. हे सगळं फुकट आहे. यासाठी तुमच्याकडे मी काही मागत नाही.

आता तक्रारी.

पहिली आणि मोठी. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच पालघरमधून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली. शून्य ते अठरा वर्षांच्या मुलांची तपासणी करून ३० निवडक दुखणी शोधायची, असं त्यात ठरलं. त्या तिसांत एडीएचडी आहे. नावानिशी आहे. म्हणजे आरोग्य खातं याच मुलीला शोधायला गाडी घेऊन शाळेत येतं. आणि सापडल्यावर ती शिक्षण खात्याच्या दारात गेली की तिला सांगितलं जातं, तू आमच्या यादीत नाहीस. का, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या परिशिष्टातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमता (म्हणजे वाचन-लेखन-गणित शिकण्यातली अडचण) आहे, एडीएचडी नाही. तिसाच्या यादीत आहे, एकविसाच्या यादीत नाही. मुलगी तीच.

परिशिष्टात नवं नाव घालणं हे केंद्राचं काम आहे, ते मला ठाऊक आहे. राज्याचे हात बांधलेले आहेत, असंही कुणी सांगेल. त्यांना मी १९९६ ची आठवण देतो. तेव्हा १९९५ चा कायदा लागू होता आणि त्यात मोजून सात प्रकार होते. अध्ययन अक्षमता त्यांत नव्हती. तरी याच महाराष्ट्र सरकारने त्या मुलांना शालेय परीक्षांत सवलती दिल्या, देशात सगळ्यांच्या आधी. केंद्राच्या यादीत ते नाव यायला पुढे वीस वर्षं गेली. महाराष्ट्र थांबला नव्हता. त्या वेळी कुणीतरी मंत्रालयात पेन्सिल बाजूला ठेवून पेन उचललं होतं.

आणि ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार यांच्या प्रकरणात काय सांगितलं तेही तुमच्या विधी सल्लागारांना माहीत असेल. त्या उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा विकार होता. ठरलेल्या टक्केवारीच्या दिव्यांगतेत तो बसत नाही म्हणून लोकसेवा आयोगाने लेखनिक नाकारला होता. न्यायालयाने म्हटलं, तेवढ्या कारणावर सोय नाकारता येत नाही; अडचण असलेल्या माणसाला वाजवी सोय मिळणं हा त्याचा हक्क आहे. मी वकील नाही. पण हे मला समजतं, तर अर्ज परत करणाऱ्या टेबलाला समजायला हरकत नसावी.

दुसरी तक्रार सांगताना मला लाज वाटते. अर्ज घेऊन मी प्रत्यक्ष गेलो होतो. टेबलामागच्या साहेबांनी माणुसकीने सांगितलं, म्हणजे त्यांच्या मते माणुसकीनेच, ‘त्यापेक्षा एलडीचं सर्टिफिकेट आणा की. ते बसतं.’ एलडी म्हणजे अध्ययन अक्षमता. एडीएचडीच्या बऱ्याच मुलांना तीही असते, हे बरोबर आहे. माझ्या मुलीची ती तपासणी झाली आहे, तिला नाही. ती घडाघडा वाचते, शुद्ध लिहिते. मग आणू कुठून? बाकावर शेजारी बसलेल्या एका बाईंनी हळूच एक फोन नंबरही देऊ केला. मी घेतला नाही. मी फार मोठा सत्यवादी आहे असं नाही, निवडणुकीत बरीच पत्रकं छापतो. पण माझ्या मुलीला आत्ताच कुठे तिच्या अडचणीचं खरं नाव मिळालं आहे. ते पुसून दुसरं खोटं नाव लावून तिला परीक्षेला बसवायचं?

तिसरी. ती आरोग्याची गाडी. गाडीत दोन डॉक्टर, एक औषध देणारा, एक नर्सबाई. माणसं कष्टाळू आहेत, एका दिवसात शाळा उरकायची असते. वजन, उंची, दात, डोळे, रक्त कमी आहे का. शाळेत वर्षातून एकदा. माझी मुलगी त्या रांगेतून वर्षानुवर्षं गेली आणि प्रत्येक वेळी ठणठणीत ठरली, दोन मिनिटांत तिच्या लक्षाचं काय दिसणार? जे वर्षभर रोज सहा तास तिला बघतात त्या वर्गशिक्षकांना आधी एक पानाचा तक्ता भरायला दिला असता, तर डॉक्टरांना नेमकी तीन नावं हातात मिळाली असती. तीन मी उगाच म्हणत नाही. जगभरच्या अभ्यासांतून मुलांमधलं प्रमाण शंभरात पाचच्या आसपास येतं. साठांच्या वर्गात तीन. तुमच्या प्रत्येक वर्गात ती तिघं आत्ता बसलेली आहेत, आणि त्यांतली एखादी खिडकीजवळ आहे.

चौथी, शाळा. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने मारणं बंद केलं, मानसिक छळही बंद केला. मार खरंच कमी झाला. पण वर्गाबाहेर उभं करणं आहे. मधली सुट्टी बंद करणं आहे. ज्या मुलाला हातपाय मोकळे करायची सगळ्यात जास्त गरज, त्याचीच सुट्टी बंद. सातवीत माझ्या मुलीला ‘मी वही विसरणार नाही’ हे शंभर वेळा लिहायला सांगितलं होतं. त्रेसष्टला तिची मोजदाद चुकली, ती पुन्हा एकपासून मोजायला लागली, रात्री अकरा वाजता झालं. आणि सकाळी ती ते कागद घरी विसरली. आम्ही आता हसतो. तेव्हा ती दोन दिवस जेवली नव्हती.

शिक्षकांच्या नावाने बोटं मोडायला मी बसलेलो नाही. चौसष्ट मुलांचा वर्ग, वर मतदार याद्या, वर ऑनलाइन माहिती भरा. डी.एड., बी.एड.ला एडीएचडीवर चार ओळी लिहून गुण मिळवलेले असतात, पण समोर आलेलं मूल ओळखायचं कसं हे कुणी वर्गात उभं राहून दाखवलेलं नसतं. नववीत मराठीच्या बाईंना आम्ही निदानाचा कागद दाखवला. त्यांनी काय केलं? तिला खिडकीजवळून उचलून पुढच्या बाकावर आणलं. गृहपाठ तोंडी सांगायच्याऐवजी फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात लिहायला लागल्या, आणि जाता जाता तिच्या बाकावर बोटाने टकटक करायच्या. बस. नाव न घेता, न ओरडता, नुसती टकटक. यासाठी ना निधी लागला, ना शासन निर्णय. पण एका बाईंच्या स्वभावावर किती मुलांनी अवलंबून राहायचं?

पाचवी, औषध. मेथिलफेनिडेट हे या आजारावरचं जुनं, भरपूर अभ्यासलेलं औषध आहे. आपल्याकडे ते औषध नियमांच्या परिशिष्ट ‘एक्स’मध्ये येतं. वेगळा परवाना, माल कुलपात, चिठ्ठी दोन प्रतींत, त्यातली एक दुकानदाराने दोन वर्षं जपायची. गैरवापर होऊ शकतो, म्हणून नियम कडक, आणि तो तसाच असावा. पण त्या कटकटीला कंटाळून दुकानदार औषध ठेवतच नाहीत. जतमध्ये मला एकही दुकान मिळालं नाही. एसटीने मिरज गाठायची, तिथे तीन दुकानं फिरायची. एका दुकानात मुलीसमोरच विचारलं, ‘नशेचं औषध हे, कुणासाठी पाहिजे?’ ती परत येताना एसटीत एक शब्द बोलली नाही. मागच्या दिवाळीनंतर तीन आठवडे माल कुठेच नव्हता. त्याच तीन आठवड्यांत सहामाहीचा तो बीजगणिताचा पेपर आला.

गोळीबद्दल दोन्ही बाजूंनी लोक वाट्टेल ते बोलतात, म्हणून आम्ही जे पाहिलं ते सांगतो. मुलगी बदलली नाही, ‘गुंगीत’ गेली नाही. खिडकीकडे गेलेली नजर आपणहून वहीवर परत येते, एवढा फरक. भूक मंदावली, दुपारचा डबा अर्धा परत येतो, म्हणून सकाळची न्याहारी भरभक्कम करतो. मॅडम दर खेपेला वजन, उंची, नाडी, रक्तदाब बघतात. अमेरिकेत १९९९ साली ५७९ मुलांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, चौदा महिन्यांचा. त्यात नीट देखरेखीखाली दिलेल्या औषधाने मुख्य लक्षणं वागणुकीच्या नुसत्या उपचारांपेक्षा जास्त आटोक्यात आली. पण त्याच मुलांना पुढे काही वर्षांनी पुन्हा पाहिलं, तेव्हा तो फरक उरला नव्हता. म्हणजे गोळी दिली आणि जबाबदारी संपली, असं होत नाही. घर, शाळा आणि डॉक्टर तिघांनी वर्षानुवर्षं धरून ठेवायचं काम आहे. प्रत्येक मुलाला गोळी लागतेच असंही नाही, आणि अगदी लहानांना आधी आईबापांचंच प्रशिक्षण देतात.

सहावी तक्रार माझ्यासारख्या मोठ्यांची. बाल स्वास्थ्याची यादी अठराव्या वाढदिवसाला संपते. आजार संपत नाही. मोठ्यांतही शंभरात दोन-अडीच जणांना असतो. पुढे काय? येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, जिल्ह्याजिल्ह्यांत मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. फोनवरून मानसिक आरोग्याचा सल्ला देणाऱ्या टेलिमानसचा १४४१६ हा नंबरही चालू आहे. पण ‘मला वस्तू सापडत नाहीत, कामं अर्धी राहतात, तीन नोकऱ्या सुटल्या’ असं सांगत येणाऱ्या माणसाला कुठल्या दारात जायचं, हे कुठल्याही फलकावर लिहिलेलं नाही. २०१५-१६ चं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण १२ राज्यांत झालं, त्यात महाराष्ट्र नव्हताच. मोजलंच नाही तर तरतूद कशाच्या जोरावर मागायची? अशा माणसाला समाज दोन नावं देतो, आळशी किंवा बेजबाबदार, आणि त्याच्या बायकोला तिसरं काहीतरी.

मागण्या मोजक्या आहेत.

१. शालेय शिक्षण विभागाने स्वतंत्र शासन निर्णय काढावा. शासकीय रुग्णालयाने किंवा नोंदणीकृत मानसोपचारतज्ज्ञाने एडीएचडीचं निदान लेखी दिलेल्या विद्यार्थ्याला, अध्ययन अक्षमतेचं वेगळं प्रमाणपत्र न मागता, दहावी-बारावीला जादा वेळ, शांत खोली आणि छोट्या विश्रांतीची मुभा मिळावी. १९९६ ला जमलं ते आता जमावं.

२. २०१६ च्या कायद्याच्या परिशिष्टात एडीएचडीचा समावेश व्हावा, अशी शिफारस दिव्यांग कल्याण विभागाने केंद्राकडे लेखी करावी आणि तिची प्रत जाहीर करावी. स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग काढल्याचा आपल्याला अभिमान आहे. हे काम त्याचंच आहे.

३. आरोग्य तपासणीची गाडी शाळेत येण्याआधी वर्गशिक्षकांकडून एक पानाचा मराठी तक्ता भरून घ्यावा. ज्या मुलांबद्दल शंका आहे त्यांना जिल्ह्याच्या केंद्रात तारखेसह पाठवावं, नुसतं ‘दाखवून घ्या’ म्हणू नये.

४. प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या औषधालयात मेथिलफेनिडेटचा नियमित साठा असावा, आणि संपला तर तसा फलक लागावा. नव्वद किलोमीटर जाऊन ‘नाही’ ऐकायला लागू नये.

५. शिक्षकांना वर्षातून एक दिवस, समोरासमोर, जिल्ह्यातल्याच मानसोपचारतज्ज्ञांकडून प्रशिक्षण. लिंक पाठवून व्हिडिओ बघायला लावणं याला प्रशिक्षण म्हणू नये.

६. जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दुपार प्रौढांच्या एडीएचडीसाठी. बाहेर पाटी मराठीत.

७. अर्ज नाकारायचा असेल तर शाईने नाकारावा. कलम, कारण, तारीख, सही आणि अपील कुठे करायचं ते.

सातवी मागणी बाकीच्यांपेक्षा लहान आहे असं समजू नका. माझ्यासारखे किती बाप तो पेन्सिलीचा कागद घडी घालून खिशात ठेवून गप्प बसले असतील, ते तुमच्या कुठल्याच नोंदीत नसणार, कारण जावक क्रमांकच नाही.

माझ्या मुलीची परीक्षा अडीच महिन्यांवर आली आहे. यातलं तिच्या वेळेपर्यंत काय होईल ते मला दिसतं आहे. पहिल्या मागणीवर तरी त्याआधी ‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तर द्यावं. ‘आपला अर्ज विचाराधीन आहे’ असं पत्र पाठवू नये. तो मजकूर मीच एका कार्यालयासाठी हजाराच्या गठ्ठ्याने छापून दिलेला आहे.

हे पत्र तिला विचारून लिहिलं आहे. नाव नको आणि फोटो नको, एवढी तिची अट. प्रूफही तिनेच वाचलं. मागण्यांत मी तीननंतर एकदम पाच लिहिलं होतं. तिने चार कुठे आहे असं विचारलं, तेव्हा औषधाची मागणी माझ्या डोक्यातच राहिली होती हे लक्षात आलं. दुसरं प्रूफ बायकोने मोठ्याने वाचलं.

कळावे.

आपला,
दहावीतल्या एका मुलीचा बाप,
जत, जि. सांगली

सोबत :
१. डॉक्टरांच्या प्रमाणपत्राची छायाप्रत.
२. सहामाहीच्या बीजगणिताच्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत, कोऱ्या पानांसह.
३. अर्जदाराच्या प्रगतिपुस्तकाची छायाप्रत, इयत्ता चौथी, १९९१-९२.
४. परत आलेल्या अर्जाची छायाप्रत. मूळ अर्ज माझ्याकडे आहे. पेन्सिलीची ओळ पुसली जाऊ नये म्हणून लॅमिनेट करून ठेवला आहे.